बोकड आत्ता विकायचा, की अजून सांभाळायचा?

ताईंनो, मागच्या दोन-तीन महिन्यांत गटांच्या बैठकांना गेले की कर्जाचा विषय संपल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. "दारात व्यापारी आलाय, बोकड मागतोय, देऊ का?" याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण उत्तर काढायचं कसं, ते मात्र सगळ्यांना जमू शकतं. कागद, पेन आणि शिवणकामाची टेप एवढं जवळ घ्या.

आधी वजन. आपल्याकडे व्यापारी बोकडाची कंबर दाबतो, उचलून बघतो आणि नगावर भाव सांगतो. त्याचा हात रोजचा आहे, आपला नाही. बाजारात तर रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, बाईला त्यात कुणी विचारतही नाही. म्हणून वजन आपल्याला आधीच माहीत पाहिजे. ताणकाटा असेल तर उत्तमच. नसेल तर टेपनं पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. येईल ते अंदाजे किलोत वजन.

समजा घेर 22 आणि लांबी 22 इंच भरली. 22 गुणिले 22 म्हणजे 484, त्याला परत 22 नं गुणलं की 10,648. भागिले 660, म्हणजे सोळा किलो. तुमच्या बाजारात जिवंत वजनाचा भाव 350 रुपये किलो धरला तर बोकड 5,600 चा झाला. व्यापारी 4,800 म्हणत असेल तर आठशे रुपये कुठं गेले ते तुम्हाला लगेच दिसतं. (350 हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय. तुमच्या आठवडी बाजारातला भाव विचारून तोच घाला.)

आता थांबण्याचा हिशोब. हाच बोकड सहा महिन्यांचा आहे, अजून सहा महिने ठेवला. चाऱ्यासोबत रोज 200 ग्रॅम खुराक दिला आणि दिवसाला 60 ग्रॅम वाढला, तर 180 दिवसांत जवळपास 11 किलो वाढतो. 27 किलोचे 9,450 रुपये. म्हणजे 3,850 जास्त आले. खुराक 36 किलो लागला, 30 रुपयांनी 1,080. जंतनाशक, लस, क्षारमिश्रण मिळून 200 धरा. उरले 2,570.

इथंच बऱ्याच जणी थांबतात आणि म्हणतात, "मग ठेवायलाच पाहिजे." थांबा. तुमच्यावर गटाचं पाच हजाराचं कर्ज आहे का? दोन टक्के महिना म्हणजे महिन्याला शंभर रुपये व्याज. आत्ता बोकड विकून ते फेडता आलं असतं आणि तुम्ही फेडलं नाही, तर सहा महिन्यांचे 600 रुपये बोकडाच्याच खात्यावर लिहा. उरले 1,970.

आणि खुराक द्यायला जमलाच नाही, नुसतं रानात चरून उन्हाळ्यात बोकड दिवसाला 30 ग्रॅमच वाढला तर? साडेपाच किलोच्या आतच वाढतो. 1,890 रुपयांतून औषधाचे 200 आणि व्याजाचे 600 वजा केले की 1,090 उरतात. सहा महिने राखणीचे, महिन्याला एकशे ऐंशी. तेवढ्यात तो साप चावून, कुत्र्यानं धरून किंवा आजारानं गेला तर सगळंच गेलं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि पीपीआरची लस दिलेली नसेल, तर मी तरी ठेवा म्हणणार नाही. लसीसाठी गावातल्या पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

म्हणजे चारा घरचा आहे, लस झालीय, कर्ज नाही किंवा थोडं आहे, तर थांबणं परवडतं. यातलं काहीच नसेल आणि जूनमध्ये लेकराची फी, बी-बियाणं समोर असेल, तर वजन करून, दोन व्यापाऱ्यांना भाव विचारून विकलेला बोकड काही घाट्याचा नसतो. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

एक गैरसमज फार पसरलाय, "ईदला ठेवलाय." बकरी ईदच्या कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, शिंग मोडलेलं, लंगडा, आंधळा चालत नाही. गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं. दुधाचे दात असलेला तो आदत. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमाराला पुढचे दोन दात बदलतात, मग तो दोन दाती. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 ला ती 7 जूनला होती, 2026 ला मे महिन्याच्या अखेरीस येते. दिवाळीत जन्मलेला बोकड तेव्हा सहा-सात महिन्यांचाच असणार. तो त्या ईदला जाणार नाही, त्याच्या पुढच्या ईदपर्यंत दीड वर्ष सांभाळावा लागेल. म्हणून करडू जन्मलं की तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. बाकी मागणी तुम्हाला माहीतच आहे: जत्रा, कंदुरी, आखाड. श्रावण लागला की भाव बसतो, त्याच्या तोंडावर बोकड राखून ठेवू नका.

आणखी एक, विक्री जवळ आली म्हणून एकदम ज्वारी-गहू चारू नका. पोट फुगून बोकड दगावतो. दाणा जास्त झाला की नराला मूतखड्याचाही त्रास होतो.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. व्यापारी कळपातला कोणता बोकड मागतो? सगळ्यात दणकट. तो जातो, आणि मागं राहिलेला किरकोळ बोकडच शेळ्यांना लागतो. दोन-तीन वर्षं असंच चाललं की जुळी कमी, करडं लहान. आपली उस्मानाबादी जुळ्यांसाठी ओळखली जाते, आणि आपणच तिचं चांगलं बीज खाटकाकडे पाठवतो. सोळा किलोच्या भावात हे नुकसान कुठंच दिसत नाही.

म्हणून विकण्याआधी एवढं बघा: हा जुळ्यातला आहे का, आईला दूध भरपूर आहे का, पाय सरळ आहेत का, दोन्ही अंड सारखे आहेत का. सगळं "हो" असेल तर तो खाटकाला देऊ नका. पण आपल्याच कळपातही ठेवू नका, कारण तो आईला आणि बहिणींना लागेल. नर करडू चार-पाच महिन्यांतही माजावरच्या शेळीवर जातं, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच वेगळं बांधा. पैदाशीला तो वर्ष उलटल्यावरच वापरायचा.

मग करायचं काय? शेजारच्या गावच्या गटाशी अदलाबदल. तुमचा बोकड त्यांच्याकडे, त्यांचा तुमच्याकडे. एक बोकड वीस-तीस शेळ्यांना पुरतो, म्हणजे सात-आठ घरांत एक बस झाला. खुराकाचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, दोन वर्षांनी तो विकून पैसे वाटून घ्यायचे आणि दुसरा आणायचा. ज्या बाईचा बोकड घेतला तिला मात्र खाटकाच्या भावाएवढे पैसे गटानं त्याच दिवशी द्यायला पाहिजेत. ती कशाला एकटीनं नुकसान सोसेल? तिची अडचण असते म्हणूनच ती विकायला निघालेली असते.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना आपापल्या बोकडांची जन्मतारीख, छातीचा घेर आणि लांबी लिहून आणा. कोणत्या गावात कोणता बोकड आहे याची यादी तिथंच करू, आणि अदलाबदल कुणाची कुणाशी होऊ शकते ते बघू.