ऐकणारं कोण आहे?

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जामखेडमध्ये मी संगणकाचे क्लास घेतो. थोरली बहीण त्या वर्षी एका दुःखाने पार खचली होती. पुण्याच्या एक समुपदेशक मॅडम आठवड्यातून एकदा तिच्याशी बोलायला तयार झाल्या. ताईला नवं ॲप नको होतं, खातं काढायचं नव्हतं. म्हणून मी ब्राउझरमध्येच चालणारं व्हिडिओ कॉलचं एक पान दोन संध्याकाळी बसून तयार केलं. वेबआरटीसी नावाचं तंत्र त्यासाठी क्रोम, फायरफॉक्समध्ये तयारच असतं.

"तुमच्या दोघींत थेट बोलणं होतं, मधे कुणी नाही, सगळं कुलूपबंद," असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं. त्यातलं कुलपाचं खरं होतं. या तंत्रात आवाज आणि चित्र सांकेतिक रूपातच जातं, ते बंद करायची सोयच ठेवलेली नाही.

तिसऱ्या कॉलला आवाज तुटायला लागला. क्रोममध्ये 'वेबआरटीसी-इंटर्नल्स' हे आतली जोडणी दाखवणारं पान मी उघडलं. तिथे एक जोडणी दिसायला हवी होती. दिसत होत्या दोन. ताईचं बोलणं दोन ठिकाणी जात होतं, म्हणूनच आमची लाइन गुदमरत होती.

चूक सर्वस्वी माझी. दोन ब्राउझरना एकमेकांचा पत्ता कळवायला मधे एक निरोप्या लागतो, त्याला सिग्नलिंग सर्व्हर म्हणतात. मी एक फुकटचा, कुणालाही खुला असलेला वापरला होता. खोलीचं नाव ठेवलं होतं 'जामखेड१'. ते नाव टाकेल तो आत येत होता, आणि येईल त्याला माझं पान चित्र आणि आवाज पाठवत होतं. पडद्यावर समोरच्या एकाच चेहऱ्याला जागा होती, त्यामुळे तिसरा कधी दिसलाच नाही. कोण होता, चुकून आला की मुद्दाम, आधीच्या दोन कॉलनाही होता का? मी नोंदच ठेवली नव्हती. ते आजही कळलेलं नाही.

ताईला सांगणं सगळ्यात जड गेलं. "ऐकणारं कोण आहे, एवढं तरी कळायला हवं होतं रे," एवढंच ती म्हणाली. पुढे दोन महिने ती कुणाशी बोलली नाही.

ऐकणाऱ्याची ओळख किती महत्त्वाची, हे मला जामखेडमध्ये राहून कळू नये, याची जास्त टोचणी लागली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे काम सुरू केलं आणि गावोगावच्या साध्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. ऐकणारी आपल्याच गावची, ओळखीची असली की पोटातलं दुखणं ओठांवर येतं. माझ्या पानाने नेमकी ती ओळखच पाहिली नव्हती.

दुरुस्तीची सुरुवात सोपी होती. खोलीचं नाव दर वेळी नवं, लांबलचक आणि अंदाज न येणारं. दोघं आत आले की दार बंद. आत असलेल्यांचा आकडा पडद्यावर ठळक. पण खरा धोका मला नंतर समजला. निरोप्याच फितूर असेल तर? प्रत्येक ब्राउझर आपल्या प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, निरोप्यामार्फतच पाठवतो. निरोप्याने तो काढून स्वतःचा घातला, तर ताईचं कुलूप त्याच्याशी लागेल आणि मॅडमचंही त्याच्याशीच. मधे बसून तो सगळं ऐकेल, आणि दोघींना आवाज अगदी स्वच्छ येईल. आकडा तेव्हाही दोनच दिसेल.

त्यावर उपाय एकच, ठसा दुसऱ्या वाटेने पडताळायचा. नेहमीच्या पद्धतीत तो ३२ जोड्यांचा, म्हणजे ६४ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं जुळली म्हणून थांबू नका. चार अक्षरांच्या शक्यता अवघ्या ६५,५३६. तेवढी जुळणारं खोटं प्रमाणपत्र संगणक चटकन घडवतो. फिल झिमरमन यांच्या झेडआरटीपी या कॉल कुलूपबंद करण्याच्या पद्धतीत दोनच शब्द वाचून भागतं, कारण तिथे एका बाजूला कुलपासाठीचा आपला आकडा आधीच बांधून द्यावा लागतो. इथे तसं नाही, म्हणून अख्खा ठसा वाचायचा. आणि पान देणारा सर्व्हरही भरवशाचा हवा. पानच खोटं असेल तर ते खोटा ठसा खरा म्हणून दाखवील.

थेट कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळतो, हेही ध्यानात ठेवा. ज्याच्यापासून ठावठिकाणा लपवायचा आहे त्याच्याशी बोलताना टर्न सर्व्हरमधूनच, म्हणजे बोलणं पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमधूनच, जोडणी करायची सक्ती ठेवा. टर्नला बोलणं उलगडत नाही. कोण कोणाशी किती वेळ बोललं, एवढं मात्र त्याला कळतं.

ताई आता पुन्हा बोलते. कॉल जोडला की आधी साध्या फोनवर मॅडम त्यांचा ठसा वाचतात आणि ताई पडद्यावर बोट ठेवून जुळवते. मग ताई वाचते. तीन-चार मिनिटं जातात. तुमच्या घरात कुणी असं मनातलं बोलत असेल, तर ही तीन-चार मिनिटं त्यांना द्या.