पाणी न पिण्याची किंमत

"बाई, आंधी काहून नाई सांगतलं?" माझं डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून पाहत बडे बाबूंनी विचारलं. मी गप्प. खरं उत्तर मूर्तिजापूरला घरी होतं. रुजू व्हायच्या आदल्या रात्री आई म्हणाली होती, "कोनाले सांगू नको. लग्न जमनार नाई."

मला सिकलसेल आहे. वाहक नव्हे, एसएस. म्हणजे आईकडून एक आणि बाबांकडून एक, असे दोन्ही दोष माझ्या वाट्याला आले. आमच्याकडे "एएस का एसएस?" हे रक्तगट विचारावा तसं विचारतात, तरीही लपवतात.

2024 च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणतात. मी बहीण असून भावाच्या योजनेत शिरले. पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये विद्यावेतन, तेही सरकारकडून थेट खात्यात. बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या मुलीला आणखी काय हवं? सप्टेंबरपासून अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात जाऊ लागले. मूर्तिजापूर ते बडनेरा रेल्वेनं अपडाऊन, पुढं ऑटो.

टेबल मिळालं दुसऱ्या मजल्यावर, अभिलेख कक्षाच्या शेजारी. बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, आणि त्याची किल्ली एका शिपाईदादांच्या खिशात. दर वेळी दोन जिने उतरायचं, दादांना शोधायचं, चारचौघांत किल्ली मागायची. आठवडाभरात मी सोपा उपाय काढला: पाणीच प्यायचं नाही. निघताना एक गिलास, घरी आल्यावर दुसरा.

सिकलसेलवाल्यानं करू नये ते नेमकं हेच. आमच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं की हे वाढतं. थंडीनं वाढतं, दमल्यानंही वाढतं. मी तिन्ही एकदम केलं: डिसेंबरची सकाळची गाडी, फायलींचे गठ्ठे घेऊन जिने, आणि कोरडा घसा. एका रात्री कंबर आणि पाय असे दुखायला लागले की हाडात कोणी सब्बल घालतंय. अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात भरती केलं, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, आणि एकूण 11 दिवस कामावर गेले नाही.

योजनेचा नियम असा की महिन्यात 10 किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलं तर त्या महिन्याचं विद्यावेतन नाही. नियम मला माहीत नव्हता, कारण रुजू होताना दिलेला कागद मी वाचलाच नव्हता. सही केली होती फक्त. आधी कार्यालयाचा राग आला. पण ज्या आजाराची त्यांना खबरच नव्हती, त्याची सोय ते कशी करणार? किल्लीचा राग मात्र अजून गेलेला नाही, तो आजार नसलेल्या बायकांच्या वतीनंही आहे.

त्याहून जुनी चूक वेगळीच होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही तिन्ही आहेत. मी मात्र दिव्यांग म्हणजे कुबडीवाला, एवढंच समजत होते. डिस्चार्ज मिळाल्यावर पहिल्यांदा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला. तपासणीला गेले तर बाहेर एक जण "3,000 द्या, टक्के वाढवून देतो" म्हणत भेटला. त्याच्या नादी लागू नका. अर्जाला पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, वर्षात किती वेळा भरती झालीस, किती पिशव्या रक्त लागलं? सगळं तोंडपाठ होतं, पण त्यांना कागद हवा होता. आमच्याकडच्या निम्म्या डिस्चार्ज कार्डांनी आईनं चूल पेटवलेली. म्हणून सांगते, दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा पिशवीत घालून ठेवा. शेवटी पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. ती पट्टी 40 टक्के ते 80 टक्क्यांच्या आतल्यांना मिळते.

कार्ड हातात आलं आणि मी दुसऱ्या खड्ड्याच्या काठावर गेले. 2024 मध्ये अचलपूरजवळच्या वज्झरच्या, शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात वाढलेल्या दृष्टिहीन माला पापळकर एमपीएससी पास झाल्या, त्या बातमीचं कात्रण आईनं जपून ठेवलंय. "पाह्य, तिले डोये नाईत तरी झाली. तुह्यापाशी तर आता कार्ड हाये." मीही भरतीच्या अर्जात दिव्यांग आरक्षणावर खूण करणार होते. ओळखीच्या एका दृष्टिहीन दादानं हात धरला. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण कलम 34 मध्ये आहे, आणि त्यात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गट आहेत. रक्ताचे आजार नाहीत. व्याख्येत आहोत, आरक्षणात नाही. हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण मत अर्जात चालत नाही.

मग कार्डाचा उपयोग काय? एसटीच्या साध्या बसला सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट पडत नाही, हे मला चार महिने भाडं भरल्यावर कळलं. पण नोकरीतल्या माणसासाठी खरी किल्ली कलम 20 मध्ये आहे. सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची, असं ते सांगतं. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी हवा, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तिथं समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. ब्रिटनमध्ये 'ॲक्सेस टू वर्क' नावाच्या योजनेतून कामावर जायची टॅक्सी, वेगळी खुर्ची, मदतनीस यांचे पैसे सरकार देतं. आपल्या कायद्यानं ते काम कार्यालयावर सोपवलंय, आणि कार्यालय कागदाशिवाय हलत नाही.

2025 मध्ये प्रशिक्षणाचे सहा महिने वाढून अकरा झाले आणि मी परत गेले. या वेळी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. कलमात शब्द 'कर्मचारी' आहे आणि मी प्रशिक्षणार्थी, म्हणून भांडणाची भाषा टाळून 'विनंती' लिहिलं. आजाराची कहाणी दोन ओळींत. मागण्या चार: टेबल तळमजल्यावर, स्वच्छतागृहाची एक किल्ली माझ्याकडे, महिन्यातून एक दिवस ओपीडीसाठी, आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम नको. सोबत कार्डाची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी सांगितलेलं साहेबांची बदली झाली की पुसलं जातं, आवक क्रमांक राहतो.

टेबल दोन दिवसांत खाली आलं. ओपीडीचा दिवस मिळाला. दुपारच्या कामाबद्दल "पाहू" म्हणाले, आणि मे महिन्यात दोनदा मला उन्हात पाठवलंच. तेव्हा मी डोक्याला दुपट्टा बांधून, दोन बाटल्या घेऊन गेले. किल्ली मात्र माझ्या एकटीला दिली नाही. ती दाराशेजारच्या खिळ्यावर टांगली, सगळ्या बायकांसाठी. एका रुपयाचाही खर्च आला नाही.

आईचं लग्नाचं म्हणणं अजून सुटलेलं नाही. ज्यांच्या घरी अशी आई असेल त्यांनी गल्लीत सांगू नये, हवं तर. पण ज्या टेबलावर आठ तास बसायचं तिथं रुजू व्हायच्या दिवशीच लिहून द्यावं, दुखायला लागल्यावर नव्हे.

वाढीव पाच महिन्यांत माझे एकूण सहा खाडे झाले, एकाही महिन्याचं विद्यावेतन बुडालं नाही. डिसेंबरचे 10,000 मात्र आले नाहीत.