कार्पेटच्या आधी पाण्याची नळी

श्रीगोंद्यात आमच्या गल्लीतलं एकही घर एका दमात बांधलेलं नाही. आमच्याच घरात आजोबांच्या काळची शहाबादी फरशी, वडिलांनी पुढे काढलेला मोझॅकचा हॉल आणि अलीकडची व्हिट्रिफाइड टाइल्सची खोली एका रांगेत आहेत. प्रत्येक गवंड्याने आपापली लेव्हल धरली. हॉलमधून मधल्या खोलीत जाताना बोटभर खाली, तिथून मागे जाताना दोन बोटं वर. पाहुणा हमखास ठेचकाळायचा.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सगळीकडे सलग व्हिनाइल कार्पेट टाकलं. "खालचं काही दिसणार नाही," दुकानदार म्हणाला. दिसलं नाही, हे खरंच. पण प्रत्येक कडेला कार्पेट अधांतरी राहिलं, पाय पडून तिथे पांढरी घडी उमटली आणि तिथेच ते फाटलं. पूर्वी उंचवटा निदान दिसत तरी होता; आता पाऊल थेट फाटक्या कडेत अडकायचं.

मग एका जुन्या गवंड्याला बोलावलं. त्याने आधी लेव्हलची नळी काढली. नळीत पाणी भरून, बुडबुडे काढून, तिन्ही खोल्यांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला एकच रेघ मारली आणि त्या रेघेपासून खाली कोपऱ्यात, दारात, मध्यभागी टेपने मापं घेतली. मधली खोली मधोमध खचलेली निघाली. ठोकून पाहिलं तर फरशी बद्द वाजत होती. जोत्यात काळ्या मातीचा भराव! घोड-कुकडीच्या पाण्यावर ही माती ऊस उत्तम पिकवते, पण भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. अशा फरशीवर नुसता थर चढवणं म्हणजे पैसे मातीत घालणं. फरशी आणि खालची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने धुम्मसाने ठोका.

खालचा भराव पक्का असेल तर काम सोपं. काही मिलिमीटरचाच फरक असेल तर प्रायमर मारून सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड ओतावं. सिमेंटचा पातळ हात मारू नका, पापडी धरून निघतो. फरक इंचाच्या वर असेल तर जुन्या फरशीला टाचे मारून कोबा करा. पण त्याआधी दार उघडेल का ते बघा. मोरी आणि बाथरूम खालीच राहू द्या. एखादी खोली उचलता येत नसेल तर उंबऱ्याशी उतार द्या, एक इंच उंचीला निदान एक फूट लांबीचा.

कोबा वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. साधारण इंचाला महिना धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव दिसलं तर थांबा. दिवाळीला कार्पेट हवं असेल, तर दोन इंचांचा कोबा आषाढीच्या आधीच उरकलेला बरा.