जल पदचिन्ह : दैनंदिन जीवनातील अदृश्य पाणी

पाणीबचतीचा विचार सामान्यतः नळापासून सुरू होतो आणि नळापाशीच संपतो. प्रत्यक्षात मनुष्य जेवढे पाणी घरात वापरतो, त्याच्या अनेक पट पाणी तो अन्न व वस्त्र यांच्या रूपाने उपभोगतो. उत्पादनात खर्ची पडणाऱ्या या अदृश्य पाण्यास ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जॉन अँथनी ॲलन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘आभासी पाणी’ असे नाव दिले. त्याच विचाराच्या आधारे २००२ मध्ये नेदरलँड्समधील आर्येन हूकस्ट्रा यांनी ‘वॉटर फूटप्रिंट’ अर्थात जल पदचिन्ह ही संकल्पना मांडली. व्यक्तीने प्रत्यक्ष व अप्रत्यक्षपणे वापरलेल्या गोड्या पाण्याचे एकूण परिमाण म्हणजे तिचे जल पदचिन्ह होय.

तीन घटक

हरित पाणी म्हणजे जमिनीत मुरलेले व पिकांनी वापरलेले पावसाचे पाणी. नील पाणी म्हणजे नद्या, जलाशय व भूजल यांतून घेतलेले आणि त्याच खोऱ्यात परत न येणारे पाणी. प्रदूषण मान्य मर्यादेपर्यंत सौम्य करण्यासाठी लागणारे पाणी हे करडे पाणी होय.

आकड्यांचा अर्थ

१९९६ ते २००५ या कालखंडाच्या अभ्यासानुसार भारतीय व्यक्तीचे सरासरी जल पदचिन्ह वर्षाला सुमारे १,०८९ घनमीटर, म्हणजेच दररोज जवळपास ३,००० लिटर होते. जागतिक सरासरी १,३८५ घनमीटर होती. याउलट भारतात शहरी घरगुती पाणीपुरवठ्याचे मानक दरडोई दररोज १३५ लिटर आहे. जागतिक सरासरीनुसार एक किलो तांदळामागे सुमारे २,५०० लिटर, तर गव्हामागे सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. म्हणजे एक किलो तांदूळ वाया जाणे हे एका शहरी व्यक्तीच्या अठरा दिवसांच्या घरगुती पाण्याइतके आहे.

तथापि केवळ बेरीज पाहणे पुरेसे नाही. ज्वारी-बाजरीचे दर किलो पदचिन्ह जागतिक सरासरीत तांदळाहून अधिक दिसते, कारण त्यांचे हेक्टरी उत्पादन कमी असते. परंतु ते जवळजवळ सर्वस्वी हरित असते. पंजाबातील भात मात्र मोठ्या प्रमाणावर भूजलावर पोसला जातो. म्हणूनच तेथे २००९ च्या कायद्याने ठरावीक तारखेपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई करण्यात आली. हा तांदूळ केंद्रीय साठ्यातून अन्य राज्यांत जातो आणि त्याबरोबर पंजाबचे आभासी पाणीही जाते.

व्यक्तीची भूमिका

• अन्न वाया न घालवणे हा एक परिणामकारक उपाय आहे.
• आहारात कोरडवाहू भरड धान्ये व कडधान्ये यांचे प्रमाण वाढवावे.
• सुती कपडे अधिक काळ वापरावेत. २५० ग्रॅमच्या एका सदऱ्यामागे सुमारे २,५०० लिटर पाणी असते.
• मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नळ दात घासताना तीन मिनिटे सुरू राहिल्यास १८ लिटर, म्हणजे सुमारे एक बादली पाणी जाते. तो बंद ठेवावा.
• रसायनयुक्त साबण व तेल यांचा सांडपाण्यातील अंश कमी केल्यास करडे पाणी घटते.

जगाच्या सुमारे १८ टक्के लोकसंख्येच्या भारताकडे गोड्या पाण्याचा वाटा सुमारे ४ टक्के आहे आणि वापरापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाणी शेतीकडे जाते. त्यामुळे सिंचन व पीकपद्धतीतील सुधारणांना वैयक्तिक बचत हा पर्याय ठरू शकत नाही. मात्र कोणते पीक घ्यावे हे अंशतः मागणीवर ठरते आणि ती मागणी प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात आकारास येते.