मागच्या दिव्यात साचलेले पाणी

देवारीमच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. आपल्या हाखामांनी ही आज्ञा गच्चीपुरती ठेवली नाही. घरातली मोडकी शिडी आणि चावरा कुत्रा यांनाही त्यांनी ती लावली. मोटार बाळगणाऱ्या घराने तीत मागचे दिवेही धरावेत, असे आम्हांस वाटते. हे दिवे चालवणाऱ्याच्या उपयोगाचे नसतात, त्याला ते दिसतही नाहीत. ते मागून येणाऱ्या परक्या माणसासाठी असतात.

येथे बुकित पंजांगला हे पटवून द्यावे लागत नाही. बुकित तिमाह एक्स्प्रेसवे जवळूनच वूडलंड्सकडे जातो आणि जोहोरहून कामाला येणारे असंख्य मोटारसायकलवाले त्याच रस्त्याने ये-जा करतात. संध्याकाळी मुसळधार पाऊस कोसळू लागला की त्यांना पुढच्या गाडीचा लाल ठिपका तेवढा दिसतो. त्यातला एक मंद असेल तर ब्रेक लागला की नाही हे त्यांना कळायचे कसे?

जुन्या गाडीत दिवा मंद होण्याचे नेहमीचे कारण पाणी. मात्र सकाळी काचेआत धुके दिसले आणि दिवे लावून थोडे फिरल्यावर गेले, तर चिंता नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी डुचमळत असेल तर सांधा सुटला आहे असे समजावे. डिकीतील गालिचा उचलून जादा चाकाची खळगीही पाहावी. तेथे ओल आणि कुबट वास असेल तर दिवा व पत्रा यांमधले रबर किंवा स्पंज बसका झाला असण्याचा संभव आहे.

कोकणात कौल फुटते एकीकडे आणि गळते दुसरीकडे. दिव्याचेही तसेच आहे, म्हणून आधी भोक शोधावे, मग लिंपावे. दिवे बंद करून, बल्ब गार झाल्यावर डिकीच्या आतून होल्डर फिरवून काढावेत, नट सोडवावेत आणि डबी बाहेर घ्यावी. सांध्यावर साबणाचे पाणी लावून, बाकीची भोके बोटांनी दाबून, होल्डरच्या एका भोकातून हलके फुंकावे. जेथे बुडबुडे येतील तेथे गळती.

आता सफाई. ही काच खरी काच नसते, बहुधा ॲक्रिलिक असते. पेट्रोल, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव तिला लावू नये. बारीक तडे जातात व ते पुन्हा निघत नाहीत. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरे. आतला चंदेरी मुलामा अगदी पातळ असतो, तो घासला तर निघून येतो; नुसते पाणी खळबळून ओतून द्यावे आणि डबी सावलीत, भोके खाली करून पूर्ण वाळवावी. बाहेरून काच धुरकट असेल तर प्लास्टिकचे पॉलिश चालते. पण लाल रंगच उडून गुलाबी झाला असेल तर पॉलिशचा उपयोग नाही, काच बदलावी.

स्क्रूने बसवलेली काच उघडून तिचे गॅस्केट बदलता येते. पुष्कळ दिव्यांत मात्र काच डबीला वितळवून जोडलेली असते. ती उघडायला जाऊ नये, मोडेल. बाहेरूनच सांध्यावर सिलिकॉनची सलग बारीक रेघ ओढावी. दुकानात ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागावे. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सुकताना आम्ल सोडते आणि धातूचे संपर्क गंजवते. पत्र्याकडच्या बाजूला ब्युटिलची पट्टी बरी, कारण पुढे दिवा पुन्हा काढता येतो. तळाशी श्वास घेण्यासाठी लहानसे भोक किंवा नळी असते, ती कधीही बुजवू नये. पुष्कळ जण उत्साहाने तीच आधी बुजवतात आणि मग आतली वाफ आतच राहते.

होल्डरमध्ये हिरवट गंज दिसल्यास बारीक पॉलिश-कागदाने खरवडावा. २१/५ वॅटच्या दोन तारांच्या बल्बच्या खुंट्या खालीवर असतात. बसत नसेल तर जोर करू नये, फिरवून पाहावे. इंडिकेटर लुकलुकताना शेजारचा लाल दिवाही त्याच तालावर फिकट होत असेल तर दोष पाण्याचा नसून अर्थिंगचा आहे. काळी तार जेथे पत्र्याला जोडलेली असते, ती जागा साफ करावी.

सिंगापुरात दहा वर्षांवरच्या मोटारीची दर वर्षी तपासणी होते आणि त्यात दिवेही पाहतात. इस्राएलमधल्या वाचकांना त्यांची ‘टेस्ट’ ठाऊकच आहे. तेथे उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे सांधा सुटल्याचे पहिल्या पावसापर्यंत कळत नाही. त्यांनी हे काम सुक्कोथपूर्वी उरकावे.

सिलिकॉन घट्ट व्हायला एक पूर्ण दिवस द्यावा. शुक्रवारी सकाळी लावले तर शब्बाथभर गाडी उभीच असते. रविवारी दिव्यावर बादलीभर पाणी ओतावे, तासाभराने आत पाहावे आणि अंधार पडल्यावर घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबावा.