धावणे आणि सेवा : वेठीपासून स्वेच्छेपर्यंत

समूहाने धावणे आणि धावता धावता परिसरातील लोकांच्या उपयोगी पडणे, या दोन गोष्टी एकत्र आणण्याचा विचार गेल्या काही वर्षांत अनेक देशांत रुजला आहे. निवासी शाळेतील मुले पहाटे धावतातच. त्या धावण्याला समाजसेवेची जोड देता येईल का, आणि देताना आपल्या समाजाने कोणती गोष्ट विसरू नये, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम उदाहरणे पाहू. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे 2016 मध्ये एरिक आल्स्ट्रॉम यांनी धावताना वाटेतील कचरा उचलण्याचा उपक्रम सुरू केला. 'उचलणे' आणि 'धावणे' या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याला 'प्लॉगिंग' हे नाव मिळाले. आपल्याकडे विवेक गुरव या मराठी तरुणाने 2018 मध्ये पुण्यात अशा धावकांचा समूह उभा केला. पुढे उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गेल्यावर तेथेही त्यांनी हेच कार्य चालू ठेवले आणि 2023 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांकडून त्याचा गौरव झाला. 2 ऑक्टोबर 2019 रोजी, महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीला, 'फिट इंडिया' मोहिमेत देशभर अशी धाव आयोजित करण्यात आली होती.

लंडनमधील 'गुडजिम' या संस्थेची पद्धत थोडी निराळी आहे. आयव्हो गॉर्मली यांनी ती सुरू केली. तेथे धावणारे समूहाने एखाद्या सार्वजनिक बागेपर्यंत किंवा संस्थेपर्यंत जातात, तेथे श्रमदान करतात आणि धावतच परततात. काही धावक ठरलेल्या दिवशी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी धावत जाऊन त्यांची विचारपूस करतात. या वृद्धांना तेथे 'प्रशिक्षक' म्हटले जाते, कारण कोणीतरी आपली वाट पाहत आहे या जाणिवेमुळे धावकाचा नेम चुकत नाही. मदत घेणाराही येथे काही देत असतो. सेवेतील हा परस्परभाव लक्षात घेण्यासारखा आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. धावणे आणि गाव झाडणे ही दोन्ही कामे आपल्या पूर्वजांना नवीन नव्हती. गावोगाव सांगावा पोचविणे, मृत्यूची वार्ता घेऊन परगावी जाणे, सरकारी अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहणे, रस्ते झाडणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महार वतनाच्या नावाखाली माथी मारलेली होती. त्यांना ठरलेली वेळ नव्हती. वतनदार घरी नसेल तर कुटुंबातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. ही गुलामी मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 मध्ये झाला. निजामाच्या राजवटीतील मराठवाड्यातही वेठ होतीच.

म्हणूनच, "आमच्या मुलांच्या हाती पुन्हा कचऱ्याची पिशवी का?" असा प्रश्न एखाद्या पालकाने विचारला, तर तो रास्त मानला पाहिजे. त्याला उत्तर दिल्याशिवाय असा उपक्रम सुरू करू नये.

उत्तर असे देता येईल. वेठीत माणसाला नकार देता येत नव्हता आणि ते काम जन्मावरून ठरत होते. स्वयंसेवेत नकाराचा अधिकार आधी येतो, आणि काम सर्वांत सारखे वाटले जाते. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः न्हाऊ घातले आणि मंचकावर निजविले. संघातील सर्वश्रेष्ठ व्यक्तीने ते काम आपण होऊन केले. काम हलके ठरविणारी व्यवस्था तेथे नाकारली गेली.

या विवेचनातून काही नियम निघतात.

पहिला, सहभाग ऐच्छिक असावा. शिक्षा म्हणून किंवा गुणांचे आमिष दाखवून कोणालाही पाठवू नये. दुसरा, शिक्षक, मुख्याध्यापक आणि पाहुण्यांनीही त्याच रांगेत वाकावे. पिशवी पाळीपाळीने प्रत्येकाकडे यावी. तिसरा, ग्रामपंचायतीशी आणि सफाई कामगारांशी आधी बोलावे. ज्या कामासाठी माणूस पगारावर नेमायला हवा, ते काम मुलांकडून फुकट करून घेतले जाऊ नये. चौथा, ज्यांना मदत केली त्यांची छायाचित्रे काढून मिरवू नये.

शेंद्रा परिसराचा विचार करता आणखी काही पथ्ये आवश्यक आहेत. जालना रस्ता आणि औद्योगिक वसाहतीतील रस्ते यांवर मालमोटारींची व कामगारांच्या बसगाड्यांची सतत वर्दळ असते. त्यामुळे धाव आतील रस्त्यांवर, उजेड झाल्यावर आणि दहा-बारा जणांच्या तुकड्यांतच व्हावी. प्रत्येक तुकडीच्या पुढे व मागे एकेक प्रौढ असावा. हातमोजे अनिवार्य असावेत. काच, सुया, रसायनांचे डबे किंवा अनोळखी पिंप यांना मुलांनी हात लावू नये. त्यांची जागा नोंदवून संबंधितांना कळवावे. मार्च ते जूनपर्यंत मराठवाड्याचे ऊन लक्षात घेऊन सात वाजण्यापूर्वी परतावे आणि पाणी सोबत ठेवावे.

सेवा म्हणजे केवळ कचरा वेचणे असेही नाही. पावसाळ्यात लावलेली रोपे उन्हाळ्यात पाण्याअभावी वाळतात. आठवड्यातून दोनदा धावत जाऊन त्यांना पाणी घालणे हे उत्तम काम आहे. वाचनालयाचे पुस्तक एखाद्या वृद्धाच्या घरी पोचविणे, अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याची औषधे आणून देणे, कामगार वस्तीतील लहान मुलांना रविवारी मैदानावर सोबत धावायला नेणे, हीही सेवाच होय. मार्ग लहान ठेवावा, पण वार चुकवू नये. एका दिवसाच्या मोठ्या मोहिमेपेक्षा वर्षभर टिकलेली दोन किलोमीटरची धाव मुलांना अधिक शिकवते.

या कार्यात माजी विद्यार्थ्यांचा वाटा मोठा असू शकतो. परिसरातील कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी सुटीच्या दिवशी एकेका तुकडीची जबाबदारी घ्यावी. पालकांनी आपापल्या वस्तीत कोणाला कशाची गरज आहे याची यादी करून द्यावी. आजोबा-पणजोबांना हुकमावरून का धावावे लागत होते, हेही घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना एकदा सांगावे. ते ऐकून जो विद्यार्थी आपल्या इच्छेने बूट बांधून निघेल, त्याला स्वातंत्र्य आणि सेवा या दोन्ही शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.