साठ हजारांचं कोटेशन

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मेसमध्ये जेवायला बसले होते. ताटात नेहमीचीच बटाट्याची भाजी. तेवढ्यात बाबांचा फोन आला. म्हणाले, "व्हॉट्सअॅपवर तीन फोटो टाकलेत, बघ आणि सांग. तू सिव्हिलची ना?"

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या ब्रँचच्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच. फर्स्ट इयरला आला तर हसून टाळता येतो. थर्ड इयरला, एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगच्या टर्मवर्कवर सरांची सही झालेली असताना, टाळता येत नाही.

आमचा फ्लॅट नाशिकला आहे. तिसरा मजला, बिल्डिंग तीस वर्षांची, लिफ्ट नाही. आमच्या बाथरूममधून खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती. काकू स्वभावाने गरीब. आधी वर्षभर काही बोलल्या नाहीत, आणि मग एक दिवस आईला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. छताचे पोपडे पडत होते. काम करणे भाग होते. पैसे आईच्या भिशीचे आणि बाबांची एक एफडी मोडून येणार होते. फोटो होते तीन कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनचे. पहिल्याचे ६०,०००, दुसऱ्याचे १,०८,०००, तिसऱ्याचे १,२८,०००. काम एकच, बाथरूम एकच आणि फरक दुपटीहून जास्त! बाबांचा कल अर्थातच पहिल्याकडे होता.

(जाता जाता कबुली. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा. 'गिलावा' हा शब्द मला या कामावरच्या बिगाऱ्याकडून कळला, तोपर्यंत माझ्यासाठी ते प्लास्टरच होतं. तेव्हा शुद्धलेखनाला हसू नये ही विनंती.)

सुट्टीत घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते टेप घेऊन बाथरूममध्ये शिरण्याचं. कोटेशनच्या तळाचा आकडा बघून काहीच कळत नाही. तो आकडा म्हणजे माप गुणिले दर, अशा दहा-पंधरा ओळींची बेरीज असते. त्यातलं माप तरी आपल्या हातात असतं. बाजारात न जाता, कोणाला न विचारता ते तपासता येतं.

आमची बाथरूम ५ फूट बाय ७ फूट. टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा, म्हणजे साडेसतरा फूट वजा. राहिले १५०.५. जमीन ३५. एकूण १८५.५ चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारे दहा टक्के धरले की साधारण २०४. व्हेंटिलेटर सात फुटांच्या वर आहे, त्यामुळे तो हिशेबात येत नाही.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने २०५ लिहिले होते. तिसऱ्याने २५०. बरं, हे २५० त्याने टाइल्स घ्यायलाही धरले आणि लावायच्या मजुरीलाही धरले. इथे एक गंमत लक्षात ठेवा. वाया जाणारा माल विकत घ्यावा लागतो हे खरं, पण तो भिंतीवर लावला जात नाही. म्हणून वेस्टेज फक्त मालावर धरायचं. मजुरी प्रत्यक्ष लागलेल्या मापावरच.

उलट बाजूही सांगायला पाहिजे. गिलाव्याच्या मापात दरवाजा-खिडकी पूर्ण वजा केली नाही म्हणून लगेच "चोर" म्हणू नये. मापं कशी घ्यायची याचा आपला आयएस १२०० सांगतो की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं असेल आणि भिंतीला दोन्हीकडून सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूने वजा करायचं. कारण उघडं आहे. चौकटीच्या आतल्या कडांना गिलावा करायला मिस्त्रीचा वेळ जातोच, त्याचे पैसे या न केलेल्या वजावटीतून निघतात. हा नियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र घरी कळला.

टाइल्सच्या खोक्याचंही असंच. दुकानात 'दोन बाय दोन' म्हणतात, खोक्यात चार, म्हणून सगळे १६ चौरस फूट धरतात. पण ती टाइल असते ६०० मिलिमीटरची. चार मिळून १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा फूटच. ४०० फुटांच्या हॉलला १६ ने भागलं तर २५ खोकी येतात, खरी लागतात २६, तीही वेस्टेज न धरता. एक खोकं कमी पडलं आणि नंतर त्याच बॅचचं मिळालं नाही, तर हॉलच्या एका कोपऱ्याचा रंग कायमचा वेगळा.

असो. माप झालं, आता दर. आणि इथे मी माती खाल्ली.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये सिमेंटच्या चार गोण्या होत्या. मी वही काढली. दीडशे चौरस फूट म्हणजे १४ चौरस मीटर. गिलावा १२ मिलिमीटर, म्हणजे ०.१६८ घनमीटर. भिंतीच्या उंचसखलपणासाठी वीस टक्के जास्त, कोरड्या मालासाठी १.३३ ने गुणिले, आले ०.२६८ घनमीटर. एकास चार प्रमाण, म्हणजे सिमेंट त्याचा पाचवा हिस्सा. १४४० ने गुणल्यावर ७७ किलो. दीड गोणी! हा माणूस चार लावतोय!

ते काका माप बघायला घरी आले होते, सोबत एक बिगारी होता. मी त्या मुलासमोरच वही पुढे केली आणि म्हटलं, "काका, अडीच गोण्या कुठे जाणार आहेत?" बाबा मध्ये बोलायला गेले, तर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही थांबा, हे टेक्निकल आहे." काकांनी वहीकडे नीट बघितलं. चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, गणित बरोबर आहे. पण आधी भिंत फोडू द्या, मग हिशेब करू." चहा अर्धा ठेवून गेले. त्यानंतर दोन दिवस त्यांचा फोन नाही.

त्या दोन दिवसांत मी दराची ओळ पुन्हा मांडली, या वेळी माणसांच्या दिवसांनी. कॉलेजात आपण मटेरियलमध्ये रमतो, पण रिनोव्हेशनमध्ये पैसा खरा खातात ते दिवस. बाथरूम छोटी आहे म्हणून मिस्त्रीचा दिवस छोटा होत नाही. कोपरे, नळाची भोकं, उतार, सगळं त्या पस्तीस फुटांतच. शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम चालू होतं, तिथे विचारलं. मिस्त्री १,००० रुपये रोज, बिगारी ७००. फोडण्यापासून टाइल्सचे सांधे भरेपर्यंत मिस्त्रीचे ९ दिवस आणि बिगाऱ्याचे १२, असं त्यांनीच मला मोजून दिलं. ९,००० अधिक ८,४००, म्हणजे १७,४००. यावर कॉन्ट्रॅक्टरचा नफा आणि वरखर्च. सीपीडब्ल्यूडीच्या दर विश्लेषणात यासाठी १५ टक्के धरतात, ते धरून झाले २०,०१०. काकांच्या कोटेशनमध्ये फोडकाम, गिलावा आणि टाइल लावणे यांची मजुरी मिळून होती २१,६००. दीड हजाराचा फरक. तिसऱ्या मजल्यावर वाळूच्या पाट्या वाहून आणणाऱ्यांसाठी तो काहीच नाही.

एक सूचना. सीपीडब्ल्यूडीची आणि आपल्या राज्याच्या पीडब्ल्यूडीची दरसूची मिळवून वाचा, पण ती कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडावर आपटू नका. तिचे दर सरकारी, मोठ्या कामांचे. एका बाथरूमला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिचा उपयोग एका कामात काय काय धरलेलं असतं ते कळायला होतो.

मग साठ हजारवाल्याचा कागद घेतला. कागद कसला, व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू. "बाथरूम कम्प्लीट उक्तं ६०,०००." बाबांना म्हटलं, फोन लावून विचारा यात काय काय नाही. 'काय आहे' असं विचारलं की सगळे म्हणतात, "सगळं आहे साहेब." 'काय नाही' विचारलं की माणूस थांबतो. तो थांबला. टाइल्स पार्टीच्या. नळ आणि भांडी पार्टीची. राडारोडा खाली नेऊन टाकणं वेगळं. आणि वॉटरप्रूफिंग? "ते करायचं असेल तर वेगळं पडेल." ज्या ओलीसाठी सगळं चाललं होतं, तेच कोटेशनमध्ये नव्हतं!

बाकी दोघांच्या दराने ते भरून काढलं. टाइल्स २०४ फूट पन्नासच्या दराने १०,२००, नळ-भांडी २२,०००, वॉटरप्रूफिंग १२,०००, राडारोडा ६,०००. म्हणजे ५०,२००. साठ हजारांचे झाले १,१०,२००. काकांच्या १,०८,००० पेक्षा जास्त.

तिसऱ्याचं १,२८,००० चं कोटेशन मात्र छापील, लेटरहेडवर. त्यातून मापातली सूज काढली, ती ५,२०० ची निघाली. 'किरकोळ खर्च ८,०००' अशी एक ओळ होती, तिचं स्पष्टीकरण त्याला देता आलं नाही, तीही काढली. राहिले १,१४,८००. तरी काकांपेक्षा पावणेसात हजार जास्त का, हे मला आजही कळलेलं नाही. त्याचं ऑफिस एसी होतं, कदाचित त्याचे असतील. शिवाय तो तोंडी म्हणाला होता, "वर अठरा टक्के जीएसटी." अशा कामावर १८ टक्के जीएसटी असतो हे बरोबर, पण लावणाऱ्याचं रजिस्ट्रेशन पाहिजे. सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत ते बंधनकारक नाही, आणि ज्याचं रजिस्ट्रेशन नाही त्याला जीएसटी घेताच येत नाही. म्हणून नंबर मागायचा आणि कोटेशन करासकट की कराशिवाय, ते लिहूनच घ्यायचं. कोटेशन जुनं असेल तर तारीखही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आहे.

शेवटी बाबांनी काकांना फोन केला. माफी बाबांनीच मागितली. मी बाजूला उभी होते, मला फोन दिला तेव्हा नुसतं "सॉरी काका" एवढंच जमलं. ते म्हणाले, "सोमवारी येतो."

सोमवारी भिंत फुटली. जुन्या टाइल्सबरोबर मागचा सगळा गिलावाही ढासळून आला. आत विटा दिसत होत्या, आणि भिंत ओळंब्यात नव्हती. वरून खालपर्यंत अंगठाभर फरक. ती सरळ करायला गिलावा १२ चा नाही, २५ मिलिमीटरचा करावा लागला, तोही दोन थरांत. माझे ७७ किलो इथेच १६० झाले, म्हणजे तीन गोण्यांच्या वर. शिवाय टाइलच्या मागे लावायचं सिमेंट आणि जमिनीचा कोबा. चार गोण्याही पुरल्या नाहीत, पाचवी आणली. तिचे पैसे काकांनी लावले नाहीत. माझं गणित चुकलं नव्हतं, भिंत पुस्तकातली नव्हती!

जमीन फोडल्यावर आणखी एक निघालं. खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये भरलेल्या जुन्या विटांच्या तुकड्यांत पाणी साचलेलं, वास असा की आई शेजारी जाऊन बसली. दोन सळ्या गंजून उघड्या पडल्या होत्या. हे कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. काकांच्या कागदावर शेवटी एक ओळ होती, 'आतून निघालेले काम आधी दाखवून, दर ठरवून मगच करणे.' मी तिला आधी पळवाट समजले होते. त्यांनी बाबांना आत बोलावून सळ्या दाखवल्या, आकडा सांगितला, बाबांनी हो म्हटल्यावर गंज घासून कोट मारून पॉलिमरचा माल भरला. ९,५०० रुपये. एकूण १,१७,५००. साठ हजारवाल्याकडे ही ओळच नव्हती, त्याने त्या सळ्यांवर कोबा ओतून विषय संपवला असता.

पैसे चार हप्त्यांत ठरले होते. उचल पंचवीस टक्के, बाकी कामाप्रमाणे, आणि शेवटचे वीस हजार पाण्याच्या टेस्टनंतर. टाइल्स लावायच्या आधी जाळी बोळ्याने बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं, ४८ तास. काकांनी भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारली आणि मला म्हणाले, "ताई, आता तुम्ही बघा, मी येणार नाही."

मी दोन दिवस ती रेघ बघत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी खाली गेलो. काकूंनी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं. मी चढून छताला हात लावला. कोरडं होतं. काकूंनीही हात लावायचा म्हटलं, मग त्यांनाही धरून वर चढवलं.